पाटी नसलेली सभा

सभा शोधायला मला आयुष्यात कधी पत्ता विचारावा लागला नव्हता. बोईसरमध्ये सभा असली की ती आदल्या दिवशीच कळते. रिक्षावर भोंगा बांधून कुणीतरी नवापूर नाक्यापासून सालवडपर्यंत ओरडत फिरतं. विजेच्या खांबांवर कागद चिकटतात आणि खळ सुकायच्या आत शेळ्या ते अर्धे खाऊनही टाकतात. ते कागद लिहिणाऱ्यांच्या घरातच मी वाढले. माझे वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आणि युनियनचे प्रतिनिधी; सगळी वसाहत त्यांना 'भाऊ' म्हणते. साताऱ्याकडून ते इथे आले ते नोकरीसाठी, आणि राहिले भांडायला, असं आई म्हणते. कुंभवलीतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये पलंगाखाली भांडी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. 'कामगार बंधू-भगिनींनो' ही ओळ मला शाळेतल्या प्रार्थनेच्या आधी पाठ होती.

आठवीत असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या डाळीवर. 'निर्लज्ज', 'अमानुष', 'रक्तपिपासू' हे सगळे शब्द मी त्यात घातले होते. पप्पांनी एकेक करून ते खोडले आणि म्हणाले, "डाळ पातळ आहे, एवढंच लिही. बाकीचं जेवणाऱ्याला माहीत आहे." मी रडले होते. पण त्या दिवसापासून मला लिहिता यायला लागलं.

तर अशा मला, गेल्या दिवाळीनंतर, पालघर-बोईसरच्या पट्ट्यात एक सभा काही केल्या सापडेना. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा.

पप्पा पितात. हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, पप्पा दमलेत. नाक्यावरची देशी, कुणीतरी दमणहून आणलेली बाटली, यांना ते दारू म्हणत. ताडीला म्हणतच नसत. "झाडाचं पाणी आहे ते. इथली म्हातारी माणसं त्यावर जगली." त्या दिवाळीत त्यांचे डोळे पिवळे झाले आणि पोट असं फुगलं की शर्टाची खालची बटणं लागेनात. पालघरच्या डॉक्टरांनी आईला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "पोटातलं पाणी मी काढतो. सोडायची गोळी माझ्याकडे नाही. या लोकांचे गट असतात, आठवड्याला बसतात. तिथे न्या. पुन्हा प्यायले तर मी फार काही करू शकणार नाही."

पप्पांनी कॉटवरूनच ते ऐकलं असणार. संध्याकाळी म्हणाले, "तू ती सभा शोधून काढ. मी येतो. एकदा येईन."

पप्पांनी दिलेला शब्द मोडला असं दारू सोडून कशाच्याच बाबतीत कधी झालं नव्हतं. आणि हा शब्द नेमका दारूच्याच बाबतीत होता. शिवाय महिन्याभरात ते कामावर परत जाणार होते, रिअ‍ॅक्टरवर. तिथे एक व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला नाही तर काय होतं ते बोईसरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. स्फोटानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या की आमच्याकडे बायका आधी नवऱ्याच्या पाळीचं वेळापत्रक आठवतात आणि मग देव.

मी शोधायला निघाले. फोनवर एका शांत आवाजाच्या माणसानं सांगितलं की बोईसरला स्टेशनच्या अलीकडे एक गट बसतो, हिंदीत. सांगितलेल्या गल्लीत मी तीन फेऱ्या मारल्या. ना फलक, ना झेंडा, ना दारात चपलांचा ढीग. शेवटी टपरीवर विचारलं.

"कौन सी मीटिंग? यूनियनवाली?"

"नहीं भैया. दारू छोड़नेवालों की."

"छोड़नेवालों का पता नहीं दीदी," टपरीवाला पान दुमडत म्हणाला, "पकड़नेवालों की तो यहीं रोज़ होती है." बाकड्यावरचे चौघे खो खो हसले. त्यातला एक मला ओळखत होता. "अरे, ये तो भाऊ की लड़की है," तो म्हणाला, आणि हसणं एकदम बंद झालं. त्या बंद होण्यानं मला जास्त लागलं.

घरी येऊन सांगितलं तर पप्पा म्हणाले, "बोईसर नको. इथं प्रत्येक गेटवरचा माणूस मला ओळखतो. उद्या मॅनेजमेंटला कळलं तर पुढचा करार कोण करणार?" वाणगावला एक गट होता असं कळलं म्हणून तिथे गेले. तो चालवणारा मुलाकडे सुरतेला राहायला गेला होता आणि गट त्याच्याबरोबर संपला होता. राहिलं पालघर. तिथला गट शुक्रवारी बसायचा आणि पप्पांच्या कारखान्याची सुट्टीही शुक्रवारीच. मला वाटलं, जमलं.

पहिल्यांदा मी एकटीच गेले, जागा बघून ठेवायला. माहीम रस्त्यावरून आत एक शाळा. पुढच्या वर्गात दिवे होते आणि माणसं होती म्हणून मी सरळ आत शिरले. पांढऱ्या केसांचे वीसेक जण बसले होते. एका आजोबांनी लगेच खुर्ची पुढे केली.

"या, या. वडिलांच्या पेन्शनचं ना? आधी चहा घ्या."

मी म्हटलं, "दारू सोडणाऱ्यांची सभा हीच का?"

निवृत्त कर्मचाऱ्यांची सभा होती ती. खुर्ची देणाऱ्या आजोबांचा हात तसाच राहिला. "इथे तसलं कोणी नाही हो," ते म्हणाले. आणि त्याच वेळी मागच्या रांगेतले दुसरे एक आजोबा, पंख्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाले, "मागच्या बाजूला. नळाच्या शेजारून जा." सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते पंख्याकडेच बघत राहिले.

नळाच्या शेजारून गेले तर खरंच एक दार होतं. आत एक गृहस्थ चटया झटकत होते, शेजारी मोठी किटली. मी बसलेही नाही, भांडायलाच लागले. पाटी का नाही? मागचं दार कशाला? माणसं मरतायत आणि तुम्ही लपून बसता? ज्याची लाज नाही ते चौकात मांडायचं असतं. माझ्याकडे द्या, रविवारपर्यंत पालघर तालुक्यात एक खांब शिल्लक ठेवणार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, पाटी लावून बघितली होती आम्ही," ते म्हणाले. "लोक लांबून पाटी वाचायचे आणि तसेच पुढे जायचे. मीसुद्धा एकदा गेलो होतो. सरळ बारमध्येच."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांनी चटईचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मी ती अंथरली.

पुढच्या शुक्रवारी पप्पांनी दाढी केली आणि लेबर कोर्टात जाताना घालायचा पांढरा शर्ट घातला. खालची बटणं आता लागत होती. एसटीत खिडकीशी बसून ते मला प्रश्न विचारत होते. समोर कोण बसतं? बोललेलं लिहून घेतात का? सही करावी लागते? बाजूनं कुणी बोलणारा असतो का? मी हसून म्हटलं, "पप्पा, इन्क्वायरी नाहीये." ते हसले नाहीत.

इथे थोडं सांगायला हवं. कारखान्यात कामगारावर आरोप आला की त्याला चार्जशीट मिळते आणि मग कंपनीतच इन्क्वायरी बसते. कामगाराला आपल्या बाजूनं बोलायला एक सहकारी घेता येतो. वसाहतीत या कामासाठी पप्पांचं नाव होतं. चोरी, मारामारी, मशीनवर झोपणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पिऊन कामावर येणं. अशी किती माणसं त्यांनी सोडवली ते तेच विसरले असतील. चार्जशीट मिळालेला माणूस रात्रपाळीहून तसाच आमच्या घरी यायचा. पप्पा त्याला चहा पाजायचे आणि पहिली गोष्ट सांगायचे ती हीच : काही झालं तरी कबूल करायचं नाही. तोंडी नाही, लेखी नाही. साहेबासमोर एकट्यानं जायचं नाही. सिद्ध करायचं काम त्यांचं, आपलं नाही. मी कोपऱ्यात अभ्यास करत हे इतक्या वेळा ऐकलंय की भूगोलापेक्षा मला ते जास्त येतं. आणि ते बरोबरच आहे. ज्याच्याकडे पोटाशिवाय काही नाही त्यानं कबुली दिली की त्याचं पोटही जातं.

त्या दिवशीची सभा घरच्यांसाठीही खुली होती म्हणून मी मागे बसले. पंधरा-सोळा माणसं. पुढच्या वर्गातले पंख्याकडे बघणारे आजोबा होते. तारापूरकडचे दोन मासेमार होते, एक रिक्षावाला, एक शिक्षक, कारखान्यातले तीन-चार. किटलीवाल्या काकांनी सांगितलं, इथलं इथेच ठेवायचं. मग एकेक जण बसल्या जागेवरून आपलं गाव सांगायचा, आपण बेवडे आहोत असं सांगायचा, आणि बोलायचा. सगळं सरळ आवाजात, रेशनच्या रांगेत बोलावं तसं.

पप्पांची पाळी आली. ते उभे राहिले.

"बोलण्याआधी एक खुलासा हवा," ते म्हणाले. "आरोप कोणी ठेवलाय?"

"आरोप नाही हो, भाऊ. बसून बोला."

"आरोप नाही, तर कबुली कशाची?"

कुणीतरी फिसकन हसलं. मासेमारांतला एक म्हणाला, "वकील आयला रे!" दुसरा म्हणाला, "येव दे, आपली केस लय जुनी हाय." आणि सगळा वर्ग हसला. वाईट हसणं नव्हतं ते. पप्पाही हसले. 

मग पप्पांनी भाषण केलं. चांगलं केलं. गेटसमोर दारूचं दुकान पाण्याच्या नळाआधी कसं येतं, बारा-बारा तासांच्या पाळ्या, ठेकेदारीतल्या पोरांना मास्क मिळत नाही पण दारूची क्वार्टर मिळते, पिणाऱ्याला बेवडा म्हणणारे विकणाऱ्याला शेठ म्हणतात. एकही शब्द खोटा नव्हता. मोर्च्यात असतं तर टाळ्यांनी मैदान दणाणलं असतं. इथे कुणी टाळी वाजवली नाही, कुणी विरोधही केला नाही. काका म्हणाले, "आभारी आहोत, भाऊ." आणि पुढच्याकडे वळले.

पुढचा माणूस चाळिशीतला, हडकुळा, ग्रीसनं काळी झालेली नखं. मघापासून तो पप्पांकडे बघत होता.

"मी माकुणसारचा. मी बेवडा," तो म्हणाला. "आज मी कुणाचं नाव घेनार नाय. मी माजंच बोलतो. मी कारखान्यात होतो. दुपारपाळीला पिऊन गेलो, गेटवर पकडला. चार्जशीट दिली. माज्या बाजूनं युनियनचा एक मानूस उभा रायला. त्यानं सिक्युरिटीवाल्याला इचारलं, त्या दिवशी तुला सर्दी होती का? तो बोलला, थोडी होती. मंग वास कसा आला? रक्त तपासलं का? नाय. झालं. सुटलो. गेटवर मला हार घातला, फटाके लावले."

तो थांबला. पप्पांची मान ताठ झाली होती.

"मी प्यायलेलोच होतो. मला पन ठावं, त्याला पन ठावं. तो काय चुकला नाय. माजी नोकरी रायली, पोरं शिकली, त्याचे उपकार हायेत. पन मंग बायको बोलली, सासरा बोलला, डॉक्टर बोलला, तर मी सगल्यांना एकच सांगायचो. इन्क्वायरीत सिद्ध नाय झालं."

कुणीच हसलं नाही. मग तो स्वतःच हसला. "सात-आठ वर्सं तेवढ्यावर काढली. नोकरी मंग मीच घालवली. तिला कोन वाचवनार?"

पप्पा अर्धवट उठले. "मला साक्षीदाराला दोन प्रश्न विचारायचे आहेत."

"भाऊ," काका मऊपणे म्हणाले, "इथे कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. उत्तरही देत नाही. ऐकायचं फक्त."

मी पप्पांना साहेबांपुढे, पोलिसांपुढे, गुंडांपुढे उभं राहिलेलं पाहिलंय. असं कधी पाहिलं नव्हतं. उलटतपासणी नाही म्हटल्यावर त्यांच्या हातात काहीच उरलं नाही. ते हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. त्यांनी एकदा खिशाला लावले, एकदा मागे बांधले. मग चपला शोधायला लागले.

बाहेर नळाशी मी त्यांना गाठलं. "पप्पा, तो तुमच्यावर चिडलेला नव्हता."

"चिडला असता तर बरं झालं असतं. उत्तर देता आलं असतं."

"तुम्ही फक्त बसा ना. बोलू नका."

"पोरी, मला एक सांग. गेटसमोरचं दुकान कुणी उघडलं?"

"सरकारनं परवाना दिला."

"पाळी बारा तासांची कुणी केली?"

"कंपनीनं."

"मग माणसाला एकेकटं बसवून 'मी असा, मी तसा' म्हणायला लावणं, हे कुणाच्या फायद्याचं? दुकानवाल्याचं नाव नाही, मालकाचं नाव नाही. सगळा दोष माझ्या घशाचा. आणि माझी मुलगी मला सांगते, बसा."

 त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हेच तर मी खांबाखांबावर चिकटवत आलेय. दारूबद्दल मला जे जे कळतं ते मी त्यांच्याकडूनच शिकले आणि त्यातलं एक वाक्यही त्यांच्याविरुद्ध वापरता येत नव्हतं. दुकानवाला दोषी, कंपनी दोषी, सरकार दोषी. आणि हे तिघं कबूल करेपर्यंत माझ्या बापाचं यकृत थांबणार नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता एकदा येण्याचा. आलो."



पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, निघतायत. तर म्हणाले, "तू जा. माझी प्रतिनिधी म्हणून बस. काय ठरतं ते येऊन सांग."

चेष्टा करत नव्हते ते. त्यांच्या जगात ही फार मोठी सवलत होती. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "बापाच्या जागी तू बरी होऊन येशील होय गं?" ती म्हणाली. तरी मी गेले. दुसरं काय करणार होते?

काकांनी मला दारातच थांबवलं. आज सभा फक्त दारू सोडणाऱ्यांची होती. "वडिलांच्या जागी तुम्हाला नाही बसता येणार, ताई. बसायचं तर शेजारच्या वर्गात घरच्या माणसांची बैठक असते." तिथे बालवाडीची बुटकी बाकं होती आणि त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन सहा-सात बायका. मला बोला म्हणाल्या. मी सुरुवात केली ती परवान्याच्या धोरणापासून. बऱ्याच वेळानं समोरच्या एका म्हाताऱ्या कोळणीनं माझ्या हातात कप ठेवला.

"बाय, तू लय चांगला बोलतंस. पन चा थंड होतंय," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "माजा घोव पिऊन पिऊन ग्येला, तवर मी पन आशीच बोलत होतू. सगल्या गावाला शिव्या घातल्या. समदा गाव आयकत होता, तो एकटा नाय आयकला."

मी चहा प्यायले. त्यांच्यातल्या कुणाकडेही युक्ती नव्हती. मी युक्ती शोधायला गेले होते. एक बाई बाटल्या मोरीत ओतायची, एकीनं नवऱ्याला शपथ घातली होती, एकीनं माहेर गाठून पाहिलं होतं. सगळ्यांचं सगळं करून झालं होतं. आता त्या आठवड्याला एकदा इथे येऊन बसत होत्या, आणि त्यांच्यातल्या अर्ध्याजणींचे नवरे शेजारच्या वर्गात नव्हतेच.

घरी पप्पा वाट बघत होते. "काय ठरलं?"

"तिथे काही ठरत नाही, पप्पा."

"मग सभा कसली ती?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडाला ताडीचा आंबूस वास होता. तो मला आला, आईला आला आणि तिघांनाही कळलं की तो आलाय. मी सर्दी असल्यासारखी नाक पुसत आत गेले.

पप्पा कामावर परत रुजू झाले. दर शुक्रवारी मी पालघरला जात राहिले. ते विचारायचे, मी सांगायचे, काही ठरलं नाही. माकुणसारचा माणूस आता नवापूर नाक्याजवळच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता. शाळेच्या नळाशी भेटला की म्हणायचा, "भाऊ बरे हायेत ना?" एकदा त्यानं मला त्याचा फोन नंबर दिला. "कायपन असलं तर. मी काय करू शकत नाय, पन येऊ शकतो."

मग ती दुपार आली. पप्पांची दुसरी पाळी होती. जेवण झाल्यावर ते 'आलोच' म्हणून बाहेर गेले आणि आले ते भिंतीला हात लावत. गणवेश चढवला, डबा घेतला. मी दारात उभी राहिले.

"पप्पा, आज नका जाऊ."

"खाडा पडतो."

"रिअ‍ॅक्टरवर आहात तुम्ही. शेजारी ठेकेदारीची पोरं असतात."

"मला शिकवतेस?" त्यांनी मला ढकललं नाही. फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून, गर्दीतून वाट काढावी तसे, बाजूनं निघून गेले. आई आतून म्हणाली, "जाऊ दे गं," आणि लगेच, "अगं, नको जाऊ देऊ." दोन्ही तिनंच म्हटलं.

गेटवरच्या सिक्युरिटीचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता तर पप्पांना तिथेच अडवलं असतं. रक्तही तपासलं असतं. तेवढं मॅनेजमेंटही आता शिकली होती, पप्पांकडूनच शिकली होती. कामगाराची खबर साहेबाला देणाऱ्यासाठी आमच्या घरात एकच शब्द होता आणि तो मी लहानपणापासून शिवी म्हणून ऐकत आले होते. मी फोन हातात घेऊन उभी होते. त्या पोरांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे होते, त्यांना मी ओळखत होते, त्यांच्या मास्कसाठी मी पत्रक लिहिलं होतं. तत्त्व दोन्ही बाजूंना होतं आणि मला एकाही बाजूला पाऊल टाकता येईना. शेवटी मी माकुणसारच्या माणसाला फोन लावला.

"येतो," तो म्हणाला. "पन मी त्यांना उचलून नेनार नाय हां. बाजूला उभा राहीन."

मी रिक्षा करून गेटपाशी पोचले तेव्हा तो स्कूटर लावून पप्पांच्या शेजारी चालत होता. पाळी बदलायची वेळ, गेटवर दोन्हीकडची माणसं. मी पानाच्या टपरीच्या आडोशाला थांबले. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. तो फार बोलतही नव्हता. गेटच्या अलीकडे नाल्यावर एक छोटा पूल आहे. त्याच्या कठड्यावर तो बसला. पप्पा त्याला ओलांडून चार पावलं पुढे गेले, थांबले, गेटकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणाले, हात हवेत नाचवून. त्यानं मान हलवली, हो किंवा नाही, लांबून कळलं नाही.

भोंगा झाला. माणसं आत गेली, माणसं बाहेर आली. बाहेर येणाऱ्यांतल्या दोघांनी पप्पांना सलाम केला आणि काही न विचारता पुढे गेले. गेट बंद झालं. पप्पा परत आले आणि कठड्यावर बसले. त्याच्या शेजारी नव्हे, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. डबा मांडीवर होता.

मला वाटलं, आता जावं, ती मधली जागा आपलीच आहे. मी टपरीच्या आडून बाहेर आले. माकुणसारच्या माणसानं मला पाहिलं आणि पप्पांना दिसणार नाही असा हात खाली धरून तळवा हलवला. घरी जा.

मी गेले. चालत गेले.

आई दारातच होती. "आत गेले का गं?"

"नाही."

"मग? येतायत?"

"माहीत नाही. बसलेत. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर."

"कोण आहे बरोबर?"

"एक जण आहे."

"काय करतायत?"

"बसलेत, आई. नुसते बसलेत."

 मग संध्याकाळचा भात किती लावायचा ते तिनं मला विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.